केस पेपरवरची एक ओळ

कर्करोग रुग्णालयातील ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत एखादा तरुण निवासी डॉक्टर उभा राहतो आणि रुग्णाची माहिती एका दमात वाचून दाखवतो. ती साधारण अशी असते : ‘वय ५४. केपीएस ८०. मेंदूच्या उजव्या फ्रंटल भागात एकच गाठ, ३ सेंमी. फुप्फुसातला मूळ आजार आटोक्यात. शरीरात इतरत्र पसरलेला नाही. ईजीएफआर पॉझिटिव्ह.’ वाचायला दहा सेकंदही लागत नाहीत. त्यानंतर शल्यविशारद, रेडिएशन देणारे डॉक्टर आणि औषधोपचार करणारे डॉक्टर मिळून ठरवतात की डोके उघडून ही गाठ काढायची की नाही. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला किंवा बायकोला मात्र एकच गोष्ट विचारायची असते, ‘किती दिवस मिळतील?’ त्या प्रश्नाचे उत्तर याच एका ओळीत दडलेले असते. ही ओळ एका माणसाने एका दिवशी लिहिलेली नाही. तिच्यातला एकेक शब्द वेगळ्या गावी, वेगळ्या दशकात जन्मला आणि तो रुग्णाच्या कागदावर येईपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे गेली. त्या वाटेने आपण मागे जाऊन पाहू.

सुरुवात करावी लागते ती पॅरिसपासून. जोसेफ रेकामिये या फ्रेंच वैद्याने १८२९ साली कर्करोगाच्या उपचारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग झालेल्या रुग्णाच्या मेंदूत दुसरी गाठ सापडल्याचे त्याने नोंदवले आणि अशा स्थलांतराला ‘मेटास्टॅसिस’ हा ग्रीक मुळाचा शब्द लावला. शब्द मिळाला, पण कारण मिळाले नव्हते. शरीरभर रक्त फिरत असताना रोग विशिष्ट ठिकाणीच का मुक्काम करतो, याचा विचार पुढची साठ वर्षे मागे पडला. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी एकत्र केल्या आणि त्यांना दिसले की गाठींचे हे वाटप योगायोगाचे नाही. कर्करोगाची पेशी म्हणजे बी; ते चारी दिशांना उधळले जाते, पण रुजते फक्त त्याला मानवणाऱ्या जमिनीत, असे त्यांनी मांडले. या कल्पनेचे श्रेय आजही पॅजेट यांनाच दिले जाते. त्यांनी स्वतः मात्र आपल्या लेखात डोळ्यांच्या विकारांचे अभ्यासक अर्न्स्ट फुक्स यांचे नाव आधी घेतले होते. फुक्स यांनी काही वर्षांपूर्वी डोळ्यातील गाठींच्या संदर्भात असाच विचार मांडला होता. दुसऱ्याचे ऋण असे उघडपणे मान्य करणाऱ्या माणसाचे ते वाक्य पुढच्या पुस्तकांतून गळून गेले, याची मला नेहमी हळहळ वाटते. पुढे १९२८ च्या सुमारास अमेरिकेतील जेम्स युइंग यांनी याला विरोध केला. रक्तवाहिन्यांची रचना जिकडे नेते तिकडे पेशी अडकतात, जमीन वगैरे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मेंदूच्या बाबतीत दोघांनाही आपापला वाटा मिळाला. करडा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तिथे रक्तवाहिन्या अचानक अरुंद होतात आणि दुय्यम गाठी बहुधा तिथेच धरतात. पण फुप्फुस, स्तन आणि त्वचेचा मेलानोमा हे रोग वारंवार मेंदू गाठतात, तर प्रोस्टेटचा कर्करोग क्वचितच तिथे जातो. हे मात्र नळ्यांच्या जाडीवरून सांगता येत नाही.

गाठ कुठे आहे हे कळणे आणि ती काढणे या दोन गोष्टींमध्ये त्या काळात मोठी दरी होती. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण स्कॉटिश शेतकऱ्याच्या मेंदूतून अक्रोडाएवढी गाठ काढली. रुग्णाच्या हातापायाच्या झटक्यांवरून गाठीची जागा ह्यूज बेनेट यांनी आधीच सांगितली होती आणि ती तिथेच सापडली. गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांचे भाचे. तरीही जखमेत संसर्ग झाला आणि रुग्ण २८ व्या दिवशी गेला. ती गाठ मेंदूतच उपजलेली होती, दुसरीकडून आलेली नव्हती. तरी आपल्या कथेत तिला जागा आहे, कारण त्या काळी रुग्ण किती जगेल हे ठरवणारा एकमेव घटक म्हणजे खुद्द शस्त्रक्रिया होती. पू, रक्तस्राव आणि सुजलेला मेंदू कवटीबाहेर येणे, यांतून वाचला तर पुढचा विचार. वय, मूळ रोग, गाठींची संख्या हे प्रश्न विचारण्याइतका वेळच कुणाला मिळत नव्हता.

तो वेळ मिळवून दिला तो मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी. त्यांनी रक्तवाहिनी चिमटणाऱ्या चांदीच्या क्लिपा वापरात आणल्या, ऊतींना हळुवार हाताळण्याची शिस्त लावली आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बोव्ही यांच्या विद्युत उपकरणाने रक्तस्राव थांबवत गाठ काढून दाखवली. मेंदूच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या हातून कमी होत गेले. पण दुसरीकडून आलेल्या गाठींकडे त्यांच्या पिढीचे शल्यविशारद फारसे वळले नाहीत. जिथून रोग आला ते मूळ शिल्लक असताना एक फांदी छाटून काय मिळणार, हा त्यांचा विचार होता, आणि त्या काळच्या साधनांकडे पाहता तो चुकीचाही म्हणता येत नाही. त्याच १९२६ साली फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ग्रांट यांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या मासिकात हा प्रश्न प्रथम सरळ शब्दांत विचारला : मेंदूतील दुय्यम गाठी किती आढळतात, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रियेचा काही उपयोग आहे का? प्रश्न छापला गेला, पण उत्तर शोधायचे कसे हेच कुणाला ठाऊक नव्हते. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची वॉल्टर डँडी यांची १९१८ ची युक्ती आणि लिस्बनच्या एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये दाखवलेली रक्तवाहिन्यांची चित्रे, एवढीच काय ती साधने. त्यांतून मोठी गाठ सरकलेल्या सावलीवरून ओळखता येई. बारीक गाठ दिसतच नसे. एकच गाठ आहे असे समजून डोके उघडावे आणि चार महिन्यांनी शवविच्छेदनात आणखी पाच सापडाव्यात, हे त्या काळी नित्याचे होते.

मग आपण येतो न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलपाशी, आणि तिथे जरा थांबायला हवे, कारण आपल्या त्या ओळीतला सर्वांत जुना शब्द इथला आहे. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूंच्या संशोधनातून नायट्रोजन मस्टर्ड नावाचे रसायन हाती आले होते आणि ते कर्करोगावर वापरून पाहिले जात होते. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये प्रामुख्याने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील या प्रयोगांची हकिकत लिहिली. त्यांची अडचण अशी होती : औषधाने गाठ थोडी लहान झाली, पण त्यामुळे माणूस बरा झाला का? तो उठून बसू लागला का, कामावर गेला का, की तसाच अंथरुणावर राहिला? हे सांगायला एकच मोजपट्टी हवी होती. म्हणून त्यांनी शंभरपासून शून्यापर्यंत दहा-दहाच्या पायऱ्या पाडल्या. शंभर म्हणजे काहीही तक्रार नाही. ऐंशी म्हणजे थोड्या प्रयत्नाने नेहमीची कामे होतात. सत्तर म्हणजे स्वतःचे सगळे स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही. पन्नास म्हणजे बऱ्याच मदतीची आणि वारंवार वैद्यकीय देखभालीची गरज. दहा म्हणजे मरणाच्या दारात. शून्य म्हणजे मृत्यू. १९४९ मध्ये कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनल यांनी ही पट्टी अधिक विस्ताराने मांडली. त्यांना मोजायचा होता तो औषधाचा उपयोग. त्यातला सत्तरचा आकडा पुढच्या सत्तर वर्षांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा उंबरठा ठरेल याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. कार्नोफ्स्की स्वतः १९६९ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. आज ‘केपीएस’ या तीन अक्षरांत त्यांचे आडनाव रोज उच्चारले जाते आणि उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागचा माणूस आठवतो.

याच मेमोरियल हॉस्पिटलमधून १९५४ मध्ये चाओ, फिलिप्स आणि निक्सन यांनी ३८ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूत दुय्यम गाठी असलेल्या या रुग्णांच्या डोक्याला क्ष-किरणांचा शेक दिला होता आणि निम्म्याहून अधिकांची डोकेदुखी, अशक्तपणा असे त्रास कमी झाले होते. संपूर्ण मेंदूला रेडिएशन देण्याच्या पद्धतीचे हे मूळ. त्याच वर्षी स्वीडनच्या स्टॉर्टेबेकर यांनी अशा १५८ रुग्णांचा शल्यविशारदाच्या नजरेतून अभ्यास छापला. म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या, चाकूची आणि किरणांची, आणि पुढची पस्तीस वर्षे या वाटा शेजारी शेजारी चालल्या तरी त्यांची नीट तुलना कुणी केली नाही.

दरम्यान एक गोष्ट घडली जिने दोन्ही वाटांवरच्या रुग्णांचे दिवस वाढवले. मेंदूतील गाठीभोवती सूज येते, कारण गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि त्यांतून पाणी पाझरून आसपासच्या पांढऱ्या भागात साचते. कवटी ताणली जात नाही. त्यामुळे गाठीपेक्षा ही सूजच अनेकदा माणसाला बेशुद्ध करते. १९६१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील जोसेफ गॅलिसिच, लायल फ्रेंच आणि जेम्स मेल्बी यांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर ही सूज एक-दोन दिवसांत उतरते हे दाखवून दिले. अर्धांगाने लुळा पडलेला हात पुन्हा वर उचलला जाई, झोपाळलेला रुग्ण बोलू लागे. त्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुजलेला मेंदू फुगून वर येत असे आणि शल्यविशारदाचे हात बांधले जात. आता आधी चार दिवस औषध देऊन मेंदू निवलेला असे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात दगावणाऱ्यांची संख्या घटली, त्यात या स्वस्त गोळीचा वाटा फार मोठा आहे. आणखी एक धागा इथे जुळतो. तरुण गॅलिसिच पुढे मेमोरियलमध्येच गेले, तिथे न्यूरोसर्जरीचे प्रमुख झाले आणि मेंदूतील दुय्यम गाठी काढणे हेच त्यांनी आपले काम मानले. सुंदरेसन यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १२५ रुग्णांच्या आढाव्यात आजच्या केस पेपरवरचे बरेच शब्द दिसू लागतात : शस्त्रक्रियेआधीची मज्जासंस्थेची अवस्था, शरीरात इतरत्र रोग आहे की नाही, मूळ कर्करोग कोणता.

त्या आढाव्याला ‘एकच गाठ’ असे छातीठोकपणे लिहिता आले ते सीटी स्कॅनमुळे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत रुग्णाच्या मेंदूचा काप दाखवला. पडद्यावर दिसलेली गाठ शल्यविशारदाने नंतर जशीच्या तशी बाहेर काढली. १९८८ मध्ये गॅडोलिनियमचे औषध टोचून एमआरआय करण्याची सोय आली आणि सीटीला न दिसणाऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीही उजळून दिसू लागल्या. यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. पूर्वी ज्यांना ‘एक गाठ’ असलेले समजून शस्त्रक्रियेसाठी निवडले जाई, त्यांतले कित्येक आता अनेक गाठींच्या गटात गेले. उरलेले ‘एक गाठ’वाले खरोखरच एक गाठ असलेले राहिले. शस्त्रक्रियेचे आकडे सुधारले, पण त्यातला काही भाग सुरीच्या कौशल्याचा होता आणि काही भाग केवळ चांगल्या चाळणीचा. आकड्यांचा इतिहास वाचताना ही चाळणी विसरता येत नाही. शल्यविशारद ज्याला टेबलावर घेतो तो मुळातच धट्टाकट्टा, तरुण, कमी पसरलेल्या रोगाचा माणूस असतो. ज्याला नाकारले जाते तो रेडिएशनकडे जातो. मग शस्त्रक्रियेवाले जास्त जगले, तर त्याचे श्रेय शस्त्रक्रियेला द्यायचे की निवडीला?

हा गुंता सोडवायला १९९० साल उजाडावे लागले. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या रॉय पॅचेल यांनी ठरवले की कोणाला शस्त्रक्रिया मिळेल हे डॉक्टरांनी न ठरवता चिठ्ठीने ठरावे. एकच गाठ, केपीएस किमान ७०. निम्म्यांची गाठ काढून नंतर संपूर्ण मेंदूला रेडिएशन, निम्म्यांना सुईने तुकडा तपासून फक्त रेडिएशन. एकूण ५४ रुग्ण नोंदले गेले, आणि या छोट्या आकड्यात लपलेली एक नोंद मला संपूर्ण अभ्यासाइतकीच मोलाची वाटते. तुकडा तपासल्यावर कळले की त्यांतल्या ६ जणांच्या मेंदूत दुय्यम गाठ नव्हतीच. कुणाच्या मेंदूतच उपजलेली वेगळी गाठ होती, कुणाला संसर्ग वा दाह होता. अंगात कर्करोग आहे आणि मेंदूत डाग आहे, म्हणजे तो पसरलेलाच असणार, हे गृहीत दर नऊ जणांत एकाच्या बाबतीत खोटे निघाले. न उघडता उपचार केलेल्या पूर्वीच्या किती रुग्णांना नको तो उपचार मिळाला असेल, याचा हिशोब आता कधीच लागणार नाही. उरलेल्या ४८ जणांत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुष्य ४० आठवडे भरले, केवळ रेडिएशनवाल्यांचे १५ आठवडे. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण ज्या काळाआधी जातात आणि निम्मे ज्यानंतर जगतात तो बिंदू. त्याहून बोलका दुसरा आकडा आहे. कुणाच्या मदतीशिवाय स्वतःचे स्वतः करण्याचा काळ शस्त्रक्रियेच्या गटात ३८ आठवडे होता, दुसऱ्या गटात ८. म्हणजे मिळालेले बहुतेक दिवस चालते-फिरते होते. गाठ त्याच जागी परत येण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

पण एका चाचणीने प्रश्न मिटला नाही. १९९३ मध्ये नेदरलँड्सच्या चार्ल्स वेख्त यांनी ६३ रुग्णांवर तसाच प्रयोग केला. एकूण आकडे शस्त्रक्रियेच्या बाजूचे होते, मध्यक १० महिने विरुद्ध ६ महिने. त्यांनी मात्र एक पाऊल पुढे टाकून रुग्णांची विभागणी केली. ज्यांचा मेंदूबाहेरचा रोग स्थिर होता ते शस्त्रक्रियेने १२ महिने आणि शस्त्रक्रियेविना ७ महिने जगले. ज्यांचा बाहेरचा रोग वाढत होता ते दोन्हीकडे ५ महिनेच जगले. मेंदूत कितीही सफाईने काम केले तरी जिथून बी आले त्या शेताला आग लागलेली असेल तर उपयोग नाही. आपल्या केस पेपरवरचे ‘मूळ आजार आटोक्यात’ हे शब्द इथे सोन्याचे झाले. मग १९९६ मध्ये कॅनडातून मिंट्झ यांची तिसरी चाचणी आली. ८४ रुग्ण, आणि निष्कर्ष उलटा : शस्त्रक्रियेने ५.६ महिने, केवळ रेडिएशनने ६.३ महिने, म्हणजे फरक नाही. बऱ्याच शल्यविशारदांना हे पचले नाही. नीट पाहिले तर या चाचणीत केपीएस ५० पर्यंतच्या रुग्णांनाही घेतले होते आणि बऱ्याच जणांच्या शरीरात इतरत्र रोग पसरलेला होता. तिन्ही चाचण्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की त्या भांडत नाहीत असे माझे मत आहे. तिन्ही एकच सांगतात : शस्त्रक्रियेला माणूस योग्य निवडला तरच तिचा गुण दिसतो, आणि तो योग्य की अयोग्य हे मेंदूपेक्षा मेंदूबाहेरच जास्त ठरते.

शल्यविशारदाच्या हाताला मात्र काहीच अर्थ राहिला नाही असे कुणी समजू नये. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात रेमंड सवाया यांच्या विभागातून १९९३ मध्ये बिंदल यांनी ५६ अशा रुग्णांची हकिकत मांडली ज्यांना एकाहून जास्त गाठी होत्या. पूर्वी दुसरी गाठ दिसली की शस्त्रक्रियेचा विषय बंद होई. बिंदल यांना दिसले की ज्यांच्या सगळ्या गाठी काढल्या ते १४ महिने जगले, एकच गाठ असलेल्यांइतकेच. आणि ज्यांच्या एक-दोन मागे राहिल्या ते ६ महिने. म्हणजे गाठींच्या संख्येइतकेच महत्त्व मागे काय उरले याला होते. याच केंद्राने पुढे गाठ काढायच्या पद्धतीकडे लक्ष वेधले. गाठ आतून पोखरत तुकड्यातुकड्यांनी काढली की पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात सांडण्याची भीती असते, विशेषतः लहान मेंदूच्या भागात, आणि मग रोग मेंदूच्या आवरणावर पसरतो. म्हणून जमेल तिथे बाहेरच्या कडेने सोडवत ती अखंड काढावी, असा आग्रह धरला जाऊ लागला. आंबा चिरण्याऐवजी देठासकट अलगद उतरवावा, तसे. बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राला चिकटलेली गाठ असेल तर हे जमत नाही. तिथे रुग्णाला जागे ठेवून, बोलते ठेवून हळूहळू काम करावे लागते, कारण शस्त्रक्रियेनंतर लुळा पडलेला माणूस केपीएसच्या पट्टीवर दोन-तीन पायऱ्या खाली येतो आणि त्याची पुढची औषधे थांबतात.

शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदूला रेडिएशन द्यावेच का, हा प्रश्न पॅचेल यांनीच १९९८ मध्ये पुन्हा उचलला. ९५ रुग्ण. रेडिएशन मिळालेल्यांत मेंदूत रोग परतण्याचे प्रमाण १८ टक्के, न मिळालेल्यांत ७० टक्के. मज्जासंस्थेच्या कारणाने मृत्यू १४ टक्के विरुद्ध ४४ टक्के. आणि तरीही एकूण आयुष्यात फरक नाही! माणसे तितक्याच दिवसांत जात होती, फक्त वेगळ्या कारणाने. रेडिएशनने मेंदू वाचला, पण फुप्फुस किंवा यकृत वाचले नाही. इथून पुढच्या वीस वर्षांत रेडिएशनचा परीघ आकसत गेला. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडलेली कल्पना, डोके न उघडता अनेक किरणे एका बिंदूवर आणण्याची, आता गाठीच्या मोकळ्या झालेल्या खोबणीवर वापरली जाऊ लागली. २०१७ मध्ये महाजन यांच्या चाचणीत असा नेमका शेक दिलेल्यांत एका वर्षाअखेर ७२ टक्के रुग्णांची जागा रोगमुक्त राहिली, न दिलेल्यांत ४३ टक्के. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतील १९४ रुग्णांच्या चाचणीने दाखवले की संपूर्ण मेंदूऐवजी फक्त खोबणीला रेडिएशन दिले तर आयुष्य जवळजवळ तेवढेच राहते, सुमारे १२ महिने, पण सहा महिन्यांनी स्मरण आणि विचारशक्ती खालावण्याचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर येते. नातवाचे नाव आठवणे हाही आयुष्याचाच भाग आहे, आणि तो मोजणारी ही चाचणी मला या सगळ्या प्रवासातले मोठे वळण वाटते.

आता ते सुटे शब्द एका ओळीत कुणी ओवले ते पाहू. १९९७ मध्ये लॉरी गॅस्पर यांनी १९७९ ते १९९३ दरम्यानच्या तीन रेडिएशन चाचण्यांतील १२०० रुग्णांचे कागद एकत्र केले आणि संगणकाला त्यांची विभागणी करू दिली. संगणकाने आधी केपीएस विचारला. तो ७० पेक्षा कमी असेल तर तिसरा वर्ग, मध्यक आयुष्य २.३ महिने. केपीएस ठीक, वय ६५ च्या खाली, मूळ रोग आटोक्यात आणि इतरत्र प्रसार नाही, तर पहिला वर्ग, ७.१ महिने. बाकी सगळे मधले, ४.२ महिने. हे रुग्ण रेडिएशनचे होते, शस्त्रक्रियेचे नव्हेत. पण शल्यविशारदांनी हे वर्ग लगेच उचलले, कारण आपल्या रुग्णांतही तीच उतरंड त्यांना दिसली. २००८ मध्ये पॉल स्पर्डुटो यांनी १९६० रुग्णांवरून नवी गुणपद्धती काढली आणि तिच्यात गाठींची संख्या घातली. दोन वर्षांनी त्यांनी हेही दाखवले की सगळ्या कर्करोगांना एकच पट्टी लावणे बरोबर नाही. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, मेलानोमा, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. एकाला वय मोजावे लागते, दुसऱ्याला फक्त केपीएस आणि गाठींची संख्या. मग २०१७ मध्ये फुप्फुसाच्या २१८६ रुग्णांत ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतील बदल मोजले गेले, आणि सर्वांत चांगल्या गटाचे मध्यक आयुष्य जवळजवळ चार वर्षे निघाले. पॅचेल यांच्या ४० आठवड्यांपासून चार वर्षांपर्यंत. मधल्या काळात सुरी फारशी बदलली नव्हती. बदलले होते ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचणारे औषध.

या शेवटच्या शब्दाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे, कारण फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरमधील बदल आशियाई रुग्णांत युरोपियनांपेक्षा जास्त आढळतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशाच ३५० रुग्णांवर डॉ. वनिता नोरोन्हा आणि डॉ. कुमार प्रभाष यांच्या गटाने एक चाचणी घेतली. जेफिटिनिबची गोळी एकटी द्यावी की जोडीला केमोथेरपीची दोन औषधे द्यावीत, हा प्रश्न होता. एकट्या गोळीने रोग मध्यक ८ महिने थांबला, जोडीने १६ महिने. यातल्या काही रुग्णांच्या मेंदूत आधीच गाठी होत्या. ही शस्त्रक्रियेची चाचणी नव्हती. पण ज्याच्या मेंदूतली गाठ आज काढली जाते, त्याच्या उद्याचा मोठा भाग आता अशाच चाचण्यांवर उभा आहे.

त्यामुळे शस्त्रक्रियेलाही एक नवे काम लागले आहे. २०१५ मध्ये बोस्टनच्या प्रिसिला ब्रास्टियानोस यांनी ८६ रुग्णांची मूळ गाठ आणि मेंदूतील गाठ यांची जनुके शेजारी ठेवून वाचली. निम्म्याहून जास्त रुग्णांच्या मेंदूतील गाठीत असे बदल सापडले जे मूळ गाठीच्या तुकड्यात नव्हते आणि ज्यांच्यावरून औषध निवडता आले असते. पॅजेट यांचे बी नव्या जमिनीत जाऊन थोडे वेगळे झाले होते. म्हणून आता शस्त्रक्रियागृहात गाठ बाहेर आली की तिचे दोन भाग होतात. एक फॉर्मलिनच्या बाटलीत नेहमीच्या तपासणीला जातो, म्हणजे त्या ५४ पैकी ६ जणांसारखी फसगत होऊ नये. दुसरा जनुकीय चाचणीला जातो. तिचे उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर केस पेपरच्या त्या ओळीत शेवटच्या शब्दाच्या जागी पेन्सिलीने लिहिलेले असते, ‘रिपोर्ट बाकी’.